कौसाबाई, वय वर्षे सहा

माझ्या सासूबाईंचं वय सहा वर्षं आहे, असं मी शासनाला कळवलं होतं. तोंडी नव्हे, लेखी. आणि लेखी म्हणजे हातानेसुद्धा नव्हे, चक्क कॉम्प्युटरवर! हाताने लिहिलं असतं तर कुणीतरी म्हणालं असतं, "मॅडम, इथं काहीतरी चुकलंय, पुन्हा बघा." पण कॉम्प्युटरचा कागद असा स्वच्छ, सरळ रेघांचा बाहेर आला, की त्यातली सहा वर्षांची सासू कुणालाच खटकली नाही. मलाही नाही.

ही गोष्ट दोन हजार सालानंतरची. गावात मोबाईल चार जणांकडे होता आणि त्यातले दोघं रेंज शोधायला पाण्याच्या टाकीवर चढायचे, त्या काळातली. मी शिरड शहापूरला राहायचे (सासर तिथलं) आणि तिथून दोन कोसांवरच्या एका तांड्यावर शिकवायला जायचे. शाळेत शिक्षक आम्ही दोघंच, मी आणि राठोड गुरुजी. गुरुजी त्याच तांड्यात जन्मलेले, त्याच शाळेत शिकलेले आणि आता तिथूनच रिटायर व्हायला दोन वर्षं राहिलेले. त्यांना सगळ्या पोरांची नावं पाठ, पोरांच्या आज्यांची नावं पाठ आणि कुणाच्या घरी आज काय शिजतंय तेही पाठ.

त्या वर्षी वरून हुकूम आला. घरोघर जाऊन सर्वेक्षण करायचं, सहा ते चौदा वयाचं एखादं लेकरू शाळेबाहेर राहिलं असेल तर हुडकून काढायचं आणि ही माहिती कॉम्प्युटरमध्ये भरून द्यायची. सर्वेक्षणाचं आम्हाला काही वाटलं नाही. माणसं मोजणं, मतदार मोजणं, शेळ्या मोजणं, यात शिक्षकाचा हात कुणी धरत नाही. पण कॉम्प्युटर!

"मॅडम," राठोड गुरुजी म्हणाले, "दोन वर्सं अजून थांबला आसता तं काय बिघडलं आसतं त्या कॉम्प्युटरचं?"

तीन दिवसांचं प्रशिक्षण हिंगोलीला होतं. चाळीस शिक्षक आणि आठ कॉम्प्युटर. खोलीबाहेर 'चपला येथे काढाव्यात' अशी पाटी. आत पडदे, सतरंजी आणि प्रत्येक कॉम्प्युटरला फुलाफुलाच्या कापडाचं झाकण. राठोड गुरुजींनी आत पाऊल टाकलं ते हात जोडूनच. शिकवायला पंचविशीतले एक सर होते. ते सारखे म्हणायचे, "घाबरू नका, काही बिघडत नाही, दाबा." या एका वाक्यावर माझा जो विश्वास बसला, तिथूनच सगळं बिघडायला लागलं.

एका कॉम्प्युटरला पाच जण. म्हणजे एकाने दाबायचं आणि चौघांनी ओरडायचं.

"खाली घ्या, खाली!"

"आवं, बाण कुठं चालला तुमचा?"

"मॅडम, तुमचा बाण भिंतीत गेला बघा!"

गेला होता खरा. कडेला जाऊन दिसेनासाच झाला. मी टेबलाखालीसुद्धा एकदा वाकून बघितलं. (हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.)

दुसऱ्या दिवशी सर म्हणाले, "सरावासाठी आधी आपल्या घरचीच माहिती भरा. सराव झाला की त्या ओळी काढून टाका." यातलं पहिलं वाक्य मी वहीत लिहून घेतलं. दुसऱ्या वाक्याच्या वेळी गुरुजींनी माझा पेन मागितला.

आमच्या घरची माणसं पाच. मोठ्यांचा मान आधी, म्हणून पहिल्या ओळीत सासूबाई. (आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात.) कौसाबाई, वय बासष्ट, शाळेत गेलेल्या नाहीत. दुसऱ्या ओळीत आमचे हे. बालाजी, वय छत्तीस, आता शाळेत नाहीत, काम शेती. लग्नाला तेरा वर्षं झाली होती, पण नवऱ्याचं नाव मी उखाण्याशिवाय तोंडाने घेतलं नव्हतं. टाईप करायला हरकत नसावी, असं वाटलं. तरी 'ब' दाबताना इकडंतिकडं बघितलंच! तिसऱ्या ओळीत मी, मंगल, बत्तीस. चौथी मुलगी पल्लवी, अकरा, पाचवीत. आणि शेवटी ओंकार, सहा, पहिलीत.

"छान!" सर म्हणाले. "आता हे वयानुसार लावा. लहानाकडून मोठ्याकडे. याला सॉर्ट म्हणतात."

मी वयाचा रकाना तेवढा निवडला. लावायचं होतं वय, मग नावांना काहून तकलीफ द्यायची? बटण दाबलं. तर कॉम्प्युटरने पुढ्यात एक चौकोन आणला आणि इंग्रजीत दोन-तीन ओळींचं काहीतरी विचारलं. त्यातला 'कंटिन्यू' एवढा शब्द मला कळला. आता, 'चालू ठेवायचं का?' असं वरून कुणी विचारलं तर नाही म्हणायची आम्हा शिक्षकांना सवय नाही. दाबलं कंटिन्यू!

आणि काय सांगू, डोळ्यांदेखत आकडे टुणटुण उड्या मारून रांगेत उभे राहिले! सहा, अकरा, बत्तीस, छत्तीस, बासष्ट. प्रार्थनेला पोरं उंचीप्रमाणे उभी राहतात ना, अगदी तसे. नावं मात्र जागची हलली नव्हती. म्हणजे झालं असं, की आत्याबाई सहा वर्षांच्या झाल्या, नवरा अकराचा झाला, पल्लवी छत्तीसची आणि पहिलीतला ओंकार बासष्टचा! आणि मी? मी होते बरोबर मधल्या ओळीत. बत्तीसची बत्तीसच!

"आपापलं तपासून घ्या बरं का," सर म्हणाले.

मी आपलं तपासलं. अगदी बराबर होतं.

तेवढ्यात "लाईट जायची वेळ झाली, भरभर भरा!" असा पुकारा झाला. त्या दिवसांत आमच्याकडे लाईट वेळापत्रकाप्रमाणे जायची. (यायला वेळापत्रक नव्हतं.) मी त्याच फाईलमध्ये खाली तांड्यावरची घरं भरत सुटले. गुरुजी कागद वाचत होते, मी एका बोटाने अक्षरं हुडकत होते. आणि चाळीस जणांत सगळ्यात आधी फाईल पूर्ण झाली ती माझी!

आमचे केंद्रप्रमुख खिल्लारे साहेब, म्हणजे आमच्या भागातल्या अकरा शाळांवर देखरेख करणारे, धावतच आले. साहेब पेनड्राईव्ह काळ्या दोरीत ओवून गळ्यात घालायचे, शर्टाच्या आत, ताईतासारखा. त्यांनी तो काढला, डोळ्यांना लावला आणि माझी फाईल त्यात घेतली.

"मॅडम, तुमी तं इंजिनेर निघाल्या!"

मी त्या दिवशी एसटीत खिडकीजवळ बसून घरी आले, ते इंजिनियर होऊनच. घरी आल्या आल्या हे म्हणाले, "मॅडम, आमचं नाव टाकलं का न्हाई कॉम्प्युटरमधी?"

"टाकलं की."

"आन् माझं?" आत्याबाईंनी विचारलं.

"तुमचं तर सगळ्यात पहिलं, आत्याबाई!"

आत्याबाईंना इतकं बरं वाटलं, की त्या संध्याकाळी भाकरी त्यांनी थापल्या. शेजारच्या सरूबाईला भिंतीवरून ओरडून सांगितलंसुद्धा, "सरे, म्या कॉम्प्युटरमधी हाय! पयल्या लंबरावर!"

पुढच्या महिन्यात तालुक्याहून नवं फर्मान आलं. सगळ्या शाळांनी आपापल्या फाईली वयानुसार क्रमाने लावून पुन्हा द्याव्यात. खिल्लारे साहेबांना दुसरं कुणी आठवलंच नाही. "मॅडम, सॉर्ट तुमाला येतं. आपल्या बावीस शिक्षकांना तुमीच शिकवा." मी "मला कुठलं येतंय, साहेब" असं म्हणायला हवं होतं. म्हणाले काय? "बरं, साहेब."

गुरुवारी शिरडच्याच केंद्रशाळेत मी शिकवायला उभी राहिले. त्या दिवसासाठी मी लग्नातली अबोली साडी काढली होती. हातात पट्टी घेतली होती. आणि पहिलंच वाक्य टाकलं, "घाबरू नका, काही बिघडत नाही, दाबा!"

"मॅडम, ते इंग्रजीत कायतरी इचारून राहिलं!"

"विचारू द्या. कंटिन्यू दाबा."

"न्हाई दाबलं तं?"

"तुम्हाला काम लवकर संपवायचंय ना? मग कंटिन्यू!"

दुपारपर्यंत बावीस जणांना ते पाढ्यासारखं पाठ झालं. वयाचा रकाना निवडा, बटण दाबा, कंटिन्यू! आकडे कसे रांगेत उभे राहायचे! सगळे खूश. साहेबांनी एकेक करून सगळ्या फाईली पेनड्राईव्हमध्ये घेतल्या आणि पेनड्राईव्ह शर्टाच्या आत सोडला. शनिवारी तालुक्याचे साहेब येणार होते, त्यांच्या हाती द्यायचा म्हणाले.

शनिवारी सकाळची शाळा. मी दुपारी घरी येऊन पीठ मळायला बसले होते. आत्याबाई बाहेर ओट्यावर सुपात तूर निवडत होत्या. तेवढ्यात दारात जीप थांबली. खिल्लारे साहेबांचा आवाज ऐकू आला आणि त्यांच्याबरोबर आणखी एक, जरा शहरी, अनोळखी आवाज. ते तालुक्याला नव्याने आलेले विस्तार अधिकारी, कुलकर्णी साहेब. पहिल्या यादीप्रमाणे आमच्या केंद्रात शाळाबाह्य मुलं फक्त दोन उरली होती. ती दोन दाखल झाली की केंद्र शंभर टक्के! म्हणून दोघं साहेब स्वतः ती मुलं न्यायला निघाले होते. बरोबर नवं दप्तर, पाटी, पुस्तक, झेंडूचा हार आणि एक लाल फ्रॉक. पत्ता शिरडचा, आडनाव असं की निम्म्या गावाचं तेच. त्यामुळे घर कुणाचं हे त्यांनाही माहीत नव्हतं. लोकांनी 'कौसाबाईचं घर' म्हणून बोट दाखवलं, ते इथं आले.

"कौसाबाई इथंच राहते का?" कुलकर्णी साहेबांनी विचारलं.

"व्हय. काहून?"

"तिला जरा बोलवा."

"कुणाला?"

"कौसाबाईला."

"मीच की कौसाबाई!"

साहेब प्रेमाने हसले. "आजी, तुम्ही नाही हो. लहान कौसाबाई. सहा वर्षांची."

"ह्या घरात कौसाबाई एकच हाय. चाळीस वर्सं झाली, एकच हाय."

"घाबरू नका, आजी. आम्ही दंड करायला नाही आलो. लेकराला लपवू नका."

"लपवू कशाला? तुमच्या म्होरं तं बसले!"

"बरं, राहू द्या. बालाजी कुठाय?"

"शेतात गेला. येईल आता."

"बघा! यादीत लिहिलंय तेच. अकरा वर्षांचं पोरगं शेतात राबतंय!" साहेबांचा आवाज चढला. "आजी, त्याचं खेळायचं वय आहे हो!"

"आवं, अकराची तं त्याची लेक हाय!"

कुलकर्णी साहेबांनी खिल्लारे साहेबांकडे बघितलं. खिल्लारे साहेबांनी आभाळाकडे बघितलं.

आता मी पिठाच्या हातांनी बाहेर आले.

"मॅडम, तुमी इथं काहून?" खिल्लारे साहेब दचकले.

"साहेब, हे माझंच घर आहे."

साहेबांनी यादी वाचली, मला बघितलं, पुन्हा यादी वाचली. यादीच्या खाली सर्वेक्षण करणाऱ्याचं नाव होतं. माझंच. कुलकर्णी साहेब सावकाश म्हणाले, "म्हणजे मॅडम, तुमच्या स्वतःच्या घरात दोन मुलं शाळेबाहेर आहेत. आणि ते तुम्हीच लिहून दिलंय. तुमचा प्रामाणिकपणा मान्य आहे. पण नोकरी जाऊ शकते, कल्पना आहे का तुम्हाला?"

मी यादी हातात घेतली. कौसाबाई, सहा. बालाजी, अकरा. तो चौकोन डोळ्यांपुढे आला, तो 'कंटिन्यू' आला आणि ते आकडे रांगेत उड्या मारताना दिसले. शहाण्या बाईने तिथल्या तिथं सांगून टाकलं असतं, 'साहेब, चुकलं.' पण दोनच दिवसांपूर्वी मी बावीस जणांपुढे अबोली साडीत पट्टी घेऊन उभी होते! तोंडातून निघालं भलतंच.

"साहेब, ती… ती माझ्या नणंदेची मुलगी. कौसाबाई. आजीचंच नाव ठेवलंय. इकडं पाहुणी आली होती. सर्वेक्षणाच्या वेळी सापडली, म्हणून लिहिली. आता गेली परत डोंगरकड्याला."

"कोण गेलं डोंगरकड्याला?" आत्याबाईंनी सूप खाली ठेवलं.

"कौसाबाई," मी डोळ्यांनी खुणा करत म्हणाले.

"अगं, म्या कवा गेले डोंगरकड्याला? चांगली जिती बसले ना हितं!"

"आत्याबाई, तुम्ही थांबा ना जरा…"

"आणि बालाजी?" कुलकर्णी साहेबांनी वही उघडली होती.

"तेही गेलेत."

"तेही?"

"म्हणजे…"

"मॅडम, अकरा वर्षांच्या पोराला तुम्ही अहो-जाहो करता?"

"नाही, नाही! तोही… तोही गेला, साहेब. बालाजी गेला डोंगरकड्याला."

जन्मात पहिल्यांदा मी नवऱ्याचं नाव साधं, सरळ, अरे-तुरेत घेतलं आणि नेमके तेव्हाच हे फाटकातून आत आले! खांद्यावर टॉवेल, हातात विळा, मिशीला गवत. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी परक्या माणसाबरोबर दारात उभी आहे!

"आला बघा बालाजी!" आत्याबाई जिंकल्यासारख्या ओरडल्या. "घ्या, घाला शाळंत!"

कुलकर्णी साहेबांच्या हातात तो लाल फ्रॉक होता. त्यांनी एकदा फ्रॉककडे बघितलं, एकदा आत्याबाईंकडे, मग मिशीवाल्या बालाजीकडे. मग फ्रॉक घडी घालून हळूच पिशवीत ठेवला.

आता सांगण्यावाचून इलाज नव्हता. मी तिथंच ओट्याच्या पायरीवर बसले आणि सगळं सांगितलं. पहिली ओळ, पाचवी ओळ, मधली मी. कुलकर्णी साहेब कपाळ धरून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "वयाचा एकच रकाना निवडला?"

"हो."

"आणि तो विचारतो तेव्हा कंटिन्यू दाबलं?"

"हो, साहेब."

"अहो, तो विचारत असतो, की बाकीचे रकाने बरोबर घेऊ का! नको म्हटलं की नावं राहतात तिथंच आणि वयं जातात दुसऱ्याच्या घरात!"

हे ऐकून आमचे हे हसायला लागले. आत्याबाईंना कळलं नाही, पण लेक हसतोय म्हणून त्याही हसल्या. मीसुद्धा जरा हसले. एकटे खिल्लारे साहेब हसत नव्हते. ते माझ्याकडे टक लावून बघत होते.

"मॅडम," ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "परवा गुरुवारी तुमी सगळ्यांना… हेच शिकवलं न्हाई का?"

मी मान डोलावली.

साहेबांचा हात सावकाश गळ्याशी गेला. शर्टाच्या आत अकरा गावं होती. अकरा गावांतल्या सगळ्या आज्या त्या क्षणी बालवाडीत होत्या आणि सगळी तान्ही बाळं म्हातारी झाली होती!

"कुणाला दिली तर नाही ना फाईल?" कुलकर्णी साहेबांनी घाईने विचारलं.

"आता तुमालाच देणार होतो, साहेब," खिल्लारे साहेब म्हणाले आणि मटकन माझ्या शेजारी पायरीवर बसले.

चहा झाला. दुसरा झाला. कुलकर्णी साहेबांनी उद्या रविवारी सगळ्यांनी येऊन सगळं पुन्हा भरायचं, असं फर्मावलं आणि माझ्याकडून लेखी खुलासा मागितला. मग दप्तर, पाटी, पुस्तक उचलून ते निघाले, तर आत्याबाईंनी हाक मारली.

"साहेब, ती पाटी कुणाच्या नावानं आणली व्हती?"

"कौसाबाईच्या… पण ती चूक होती ना, आजी."

"चूक तुमची. नाव तं माजंच हाय ना?" आत्याबाई उठून उभ्या राहिल्या. "म्या खरीच सहा वर्साची व्हते, तवा कुणी आलं न्हाई दारात, शाळंत येती का म्हून इचारायला. शेळ्यामागं धाडलं मला. आता जीप घिऊन आले, हार घिऊन आले आन् म्हणता चूक झाली. असं कसं?"

मला एकदम रडू आलं आणि दोन्ही हातांत चहाच्या कपबशा असल्यामुळे डोळेही पुसता येईनात. कुलकर्णी साहेब परत आले. त्यांनी दप्तर आत्याबाईंच्या खांद्याला अडकवलं, पाटी हातात दिली आणि झेंडूचा हार त्यांच्या गळ्यात घातला. भिंतीपलीकडून सरूबाईने टाळ्या वाजवल्या. ती मघापासून डोकं वर काढून बघतच होती.

रविवारी केंद्रशाळेत बावीस शिक्षक जमले. माझ्याशी कुणी नीट बोलेना. सगळ्यांसाठी पोहे करून नेले होते, ते मात्र सगळ्यांनी नीट खाल्ले. एकटे राठोड गुरुजी कागद चाळता चाळता म्हणाले, "मॅडम, ह्या गावचा सरपंच बघा. चार वर्साचा झालाय."

"गुरुजी, माफ करा हो!"

"माफ कशाला? म्या तं वळखतो त्याला. मला काय फरक दिसला न्हाई."

शिरडची घरं ज्यांच्याकडे होती त्यांचे मूळ कागदच मिळेनात, तेव्हा मी धावत घरी गेले आणि आत्याबाईंना घेऊन आले. दप्तरासकट. त्या बाकावर बसल्या आणि एकेका नावाला धडाधडा वय सांगत गेल्या. "तुळशीराम? दुष्काळाच्या साली पाळण्यात व्हता. गंगूबाई? तिच्या लग्नात मला पल्लवीचा बाप झाला व्हता, मांडीवर घिऊन गेले व्हते." संध्याकाळपर्यंत निम्मं गाव त्यांनी जागच्या जागी बसवलं. नंतर कागद सापडले, ते ताडून बघितले. तीन ठिकाणी फरक निघाला. चौकशी केली, तर चूक कागदांची होती.

राहिला माझा खुलासा. सोमवारी पत्र आलं, की तो तीन दिवसांत सादर करावा आणि तोही कॉम्प्युटरवर टाईप करून, ई-मेलने पाठवावा. मी दोन दिवस केंद्रशाळेच्या कॉम्प्युटरवर बसून तीन पानं टाईप केली. त्यात माझी दहा वर्षांची निष्कलंक सेवा लिहिली, तांड्यावरची पटसंख्या लिहिली, पावसाळ्यात ओढ्यातून कमरेएवढ्या पाण्यातून शाळेत गेले तेही लिहिलं. एका ठिकाणी तर मी स्वतःच वाचून रडले. मग ह्यांच्या मोटारसायकलवर मागे बसून वसमतला नेट कॅफेत गेले आणि खुलासा पाठवला.

पुढचे दहा दिवस मला अन्न गोड लागेना. आत्याबाई धीर द्यायच्या, "काढलं नौकरीहून तं काढलं. आपल्या हळदीच्या वावरात माणूस मिळंना." हे म्हणायचे, "बालाजी हाय ना शेतात. अकरा वर्साचा गडी हाय!" (ते 'बालाजी गेला' प्रकरण त्यांनी पुढे वर्षभर पुरवलं.)

अकराव्या दिवशी खिल्लारे साहेब शाळेत आले. साहेबांनी खिशातून कागद काढला. "मॅडम, सुटल्या तुमी. खुलासा मंजूर झाला."

मी देवाचं नाव घेतलं आणि कागद बघायला मागितला. माझीच तीन पानं तिकडच्या कॉम्प्युटरवर छापलेली होती. पण त्यात मराठीचं एक अक्षर असेल तर शपथ! नुसते कंस, टक्के, उद्गारचिन्हं आणि उलटीसुलटी एबीसीडी. आमच्या कॉम्प्युटरमधला मराठी टाईप त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये नव्हताच म्हणे! माझी निष्कलंक सेवा, पटसंख्या, ओढा, कमरेएवढं पाणी, सगळं त्या कंसांत बुडालं होतं. आणि शेवटच्या पानाच्या तळाशी, निळ्या शाईत, वळणदार अक्षरात शेरा होता: 'खुलासा काळजीपूर्वक वाचला. समाधानकारक आहे.'

नंतर पुष्कळ वर्षं नोकरी केली. आणखीही बरेच खुलासे दिले, सगळे स्वच्छ मराठीत. त्यातला एकही कुणाला समाधानकारक वाटला नाही!